नरखेडची उरलेली नोंद

५ मे, सोमवार

आले एकदाची नागपूरला! सांगलीहून निघताना आईनं इतकं घाबरवलं होतं की मला वाटलं, स्टेशनवर उतरताच माझा पापड होणार. ऊन आहे, खोटं कशाला बोलू, पण प्रताप नगरातली खोली झकास आहे. खिडकीत कूलर, कूलरच्या जाळीला वाळा, आणि घरमालकांनी न सांगता माठ भरून ठेवलेला. आणखी काय पाहिजे एका माणसाला?

ऑफिस हिंगणा एमआयडीसीत, स्कूटीवर पंधरा मिनिटं. कंपनी संत्र्या-मोसंबीचा रस काढते, त्यामुळे फाटकातून आत शिरल्यापासून सालींचा वास. माझे साहेब सुमंत सर, पन्नाशीचे, हळू बोलणारे, दर वाक्याला ‘काही टेन्शन नका घेऊ’ म्हणणारे. स्वागतकक्षात शामलाताई बसतात, मूळच्या नरखेडच्या. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत माझं लग्न झालंय का, जेवते काय आणि सांगलीत हळद कशी पिकते, सगळं विचारून घेतलं. मला ‘पोरी’ म्हणतात. मला चालतं.

सरांनी काम एकच दिलंय. नरखेडची साफसफाई. तीन महिन्यांत ती नीट झाली की नोकरी पक्की, नाही तर परत सांगली. ‘आली का परत?’ म्हणायला आमची अख्खी गल्ली टपून बसली आहे, तेव्हा परत जायचा प्रश्नच नाही.

६ मे, मंगळवार

आईनं फोनवर विचारलं, नक्की काय साफ करणार आहेस गं तू? तिला सांगितलं तसंच इथे लिहिते.

प्रत्येक कंपनीत एक मोठी यादी असते. माणसं कोण, संगणक कुठले, कुठलं दार कुणाच्या कार्डानं उघडायचं, सगळं त्या एका यादीत. आम्ही तिला डिरेक्टरी म्हणतो. कंपनी मोठी झाली की यादीचे भाग पडतात, त्या एकेका भागाला डोमेन म्हणतात. एकाच घराण्यातली वेगळी राहणारी घरं, असं आईला सांगितलं. नरखेडला कंपनीचं शीतगृह होतं, त्याचं स्वतःचं डोमेन होतं. दोन वर्षांपूर्वी ते शीतगृह बंद पडलं आणि तिथला सर्व्हर भंगारात गेला.

आता घर मोडलं की यादीतून त्याचं नाव काढायची एक रीत असते. ती इथे कुणी पाळलेली नाही. नुसती वायर ओढली आणि मोकळे झाले. त्यामुळे आमचा नागपूरचा सर्व्हर आजही दर पंधरा मिनिटांनी नरखेडला विचारतो, आहेस का? उत्तर येत नाही, मग सर्व्हरच्या नोंदवहीत एक लाल ओळ. दिवसाच्या शहाण्णव लाल ओळी, दोन वर्षं! काटोल, कळमेश्वर आणि फेटरी इथे आमची संत्री घ्यायची केंद्रं आहेत, त्यांच्या नोंदीसुद्धा अजून नरखेडकडेच बोट दाखवतात. एवढा पसारा पाहून दुसरं कोणी रडलं असतं. मला गुदगुल्या झाल्या. लहानपणी दुसऱ्यांच्या घरी जाऊनही मी कपाटं लावायचे.

लांबच्या टोकापासून सुरुवात करायची ठरवलं. आधी नरखेड, मग काटोल, कळमेश्वर, फेटरी, शेवटी नागपूर.

९ मे, शुक्रवार

नरखेडच्या यादीत एकतीस माणसं निघाली. तीस खाती बंद, एकच उघडं. गिरिधर रेवतकर, संगणक ऑपरेटर. त्याच्या नोंदीत शेरा लिहायच्या जागी एक ओळ होती:

मी येऊन राहिलो.

वाचून बरं वाटलं. कुठून तरी नरखेडला आला असेल, तिथेच राहिला असेल, आणि कोणीतरी कौतुकानं किंवा त्यानंच गमतीनं लिहून ठेवलं असेल. यादीत दोन वर्षं एकटाच उरलेला हा माणूस एका बटणानं पुसून टाकायचं जिवावर आलं. आपल्याकडे निघालेल्या माणसाला ‘जा’ म्हणत नाहीत. म्हणून पुसण्याआधी त्याच्या ओळीखाली मी लिहिलं, ‘बरं, या.’ मग नोंद काढली आणि नरखेडचा सगळा भाग स्वच्छ केला.

शामलाताईंनी डब्यातला झुणका दिला. डोळ्यांत पाणी आणणारा तिखट, पण मी दुसऱ्यांदा घेतला.

१२ मे, सोमवार

सकाळी नोंदवही उघडली तर लाल ओळी नाहीत. नरखेडचा भाग काढल्यावर लालच लाल दिसायला हवं होतं, कारण बाकी केंद्रांच्या नोंदी अजून त्याच्याकडेच बोट दाखवतात. नीट पाहिलं. शनिवारी दुपारी बारा वाजून सात मिनिटांनी सर्व्हरनं नेहमीसारखं विचारलं होतं, आहेस का?

उत्तर आलं होतं. आहे.

आणि आज सव्वाअकराला काटोल केंद्रावर कोणीतरी कार्ड लावलंय. नाव गिरिधर रेवतकर. शुक्रवारी मी स्वतः पुसलेलं खातं, तोच क्रमांक, परत यादीत. मे महिन्यात हंगाम नसतो, केंद्राला कुलूप आहे. सरांना दाखवलं. ते पडद्याकडे न बघताच म्हणाले की जुन्या यंत्रांत अशी भुतं असतातच, काटोलचा भाग काढून टाका, बंद होईल.

काढला. त्यांचा चहा मात्र टेबलावर तसाच गार झाला होता, हे आता लिहिताना आठवतंय.

१४ मे, बुधवार

कळमेश्वर. दुपारी पावणेबारा. तेच नाव.

या वेळी मी खोडसाळपणा पकडायचाच म्हणून तिथल्या चौकीदाराला फोन लावला. तो आधी हसला, म्हणाला केंद्र बंद आहे, कुलूप त्याच्या समोर आहे. मग म्हणाला, एक मिनिट थांबा मॅडम. फोन कानाला तसाच. थोड्या वेळानं त्यानं सांगितलं की आतून कार्डाच्या यंत्राचा आवाज येतोय. टीं. मग जरा वेळानं परत टीं. ‘कोनीतरी आतून दार उघडाले पाहून राहिलं,’ तो म्हणाला, आणि मी काही विचारायच्या आत फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

कळमेश्वरचा भाग काढायला हात धजेना. सरांनी माझ्या खुर्चीमागे उभं राहून काढायला लावला. मला खरंच भीती वाटतेय.

१५ मे, गुरुवार

दुपारी शामलाताईंबरोबर जेवले. सहज विचारल्यासारखं करून विचारलं, तुमच्या नरखेडला गिरिधर रेवतकर म्हणून कोणी होते का? त्यांचा घास हातातच राहिला. मग मी सगळं सांगितलं, ती ओळसुद्धा.

त्यांनी मला ती ओळ दोनदा म्हणायला लावली. मी म्हणाले, म्हणजे तो येऊन तिथेच राहिला, असंच ना?

नाही. तसं नाही. इकडे ‘येऊन राहिलो’ म्हणजे येऊन राहणं नव्हे. इकडे ‘जेवून राहिलो’ म्हणजे आत्ता जेवतोय, ‘जाऊन राहिलो’ म्हणजे आत्ता जातोय. शामलाताई शांतपणे म्हणाल्या, ‘येऊन राहिलो म्हंजे तो निंगाला हाय, पोरी. रस्त्यात हाय.’

आणि मी काय लिहिलं ते सांगितल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. ‘तू त्याले या म्हनलं? काहून म्हनलं वं?’

मी निरोप दिला होता. तिकडे ते बोलावणं पोचलं.

१६ मे, शुक्रवार

राहिलेलं शामलाताईंनी आज सांगितलं. गिरिधर त्यांच्या आत्याचा नातू. तीस वर्षांचा. नरखेडचं शीतगृह बंद व्हायचं होतं त्या शनिवारी तो आतल्या थंड खोलीत यंत्रं उतरवत होता. खोलीचं दार कार्डाचं. दार सर्व्हरला विचारतं, हा माणूस कोण? सर्व्हर ओळख पटवतो, मग दार उघडतं. सुमंत सरांनी नागपुरात बसून बारा वाजता नरखेडचा सर्व्हर बंद केला. आत कोणी आहे का, एक फोन करून विचारलं नाही. शनिवार होता, अर्धा दिवस, घरी जायचं होतं.

सोमवारी दार कापून काढलं. बाहेर सांगितलं, कुलूपच नादुरुस्त होतं.

त्या कुलपाची स्वतःची जुनी नोंद मला सापडली. बारा सात. कार्ड लावलं, ओळख पटली नाही. बारा आठ. बारा आठ. बारा नऊ. एकूण एक्केचाळीस वेळा. आधी मिनिटाला दोनदा, मग पाच मिनिटांनी, मग वीस. शेवटची नोंद पाच बावन्न. मी ती शेवटपर्यंत वाचली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

आणखी एक पाहिलं. ‘मी येऊन राहिलो’ ही ओळ दोन वर्षांपूर्वीची नाही. ती लिहिल्याची तारीख ५ मे आहे. मी कामावर रुजू झाले तो दिवस.

१९ मे, सोमवार

ऑफिसला गेले नाही. पोट बिघडलं म्हणून कळवलं. खोलीत कूलरसमोर बसून होते.

साडेबाराला मोबाइल वाजला. कंपनीच्या हजेरीच्या अ‍ॅपचा निरोप. ‘चिन्मयी साठे, आपली हजेरी नोंदवली आहे. ठिकाण: फेटरी.’

मी प्रताप नगरात आहे. मी फेटरी पाहिलेलीसुद्धा नाही.

२० मे, मंगळवार

गेले. माझी स्वतःची नोंद उघडली. नाव बरोबर, फोटो बरोबर. डोमेनच्या जागी नागपूर असायला हवं. तिथे नरखेड आहे. दुरुस्त केलं, पाच मिनिटांत परत नरखेड. सकाळी फाटकावर माझं कार्ड तिसऱ्या वेळी लागलं होतं ते यामुळे.

आता समजतंय मी काय केलं. त्या जुन्या नोंदी म्हणजे घाण नव्हती. त्यांनीच त्याला तिथे धरून ठेवलं होतं. मी एकेक काढत गेले आणि तो एकेक गाव पुढे येत गेला. आता त्याच्यापाशी घर नाही, यादीत जागा नाही, म्हणून तो माझ्या जागेत शिरतोय. सांगलीला पळून गेले तरी नाव इथेच राहणार.

सरांकडे गेले. ते म्हणाले, काही टेन्शन नका घेऊ. मी चिडून विचारलं, तुम्हाला हे होणार माहीत होतं ना? म्हणून दोन वर्षं स्वतः हात लावला नाहीत ना? त्यांनी बॅग उचलली आणि ते घरी निघून गेले.

२२ मे, गुरुवार

दुपारी एक दहा. मुख्य फाटक. ‘गिरिधर रेवतकर, आत.’

फेटरीचा भाग तर मी अजून काढलेलाही नाही. चौकीदार सांगतो, आडवा दांडा आपोआप वर गेला, कोणी आलं नाही. ऊन इतकं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

सरांचा फोन बंद. सुट्टीवर गेलेत, म्हणे.

२३ मे, शुक्रवार

एक उपाय आहे. चार तारखेची, माझ्या आधीची, यादीची पूर्ण प्रत एका डिस्कवर ठेवलेली आहे. ती परत चढवली की सगळं होतं तसं होईल. नरखेड परत, लाल ओळी परत, माझी नोंद माझी.

आणि तो परत त्या खोलीत.

हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. तो फक्त बाहेर पडायला बघतोय. पण मी काय करू? मला जगायचंय. माझी काहीच चूक नव्हती. त्याचीही नव्हती, माहीत आहे.

डिस्क सर्व्हर रूममध्ये. ती पूर्वीची संत्री गार करायची खोली, भिंती वीतभर जाड, आत मोबाइल चालत नाही. आतून दार कार्डानंच उघडतं. दाराशेजारच्या पाटीवर आत किती माणसं ते दिसतं, आणि शून्य झालं की वीज वाचवायला दिवे आणि हवेचा पंखा बंद. एकटी जाणार नाही. शामलाताई उद्या दार धरून उभ्या राहतील. त्यांना उपाय काय ते सांगितलेलं नाही. त्यांच्या आत्याचा नातू आहे तो.

२४ मे, शनिवार

१२.२० — अर्धा दिवस, सगळे गेले. आम्ही दोघीच. माझी पर्स शामलाताईंकडे. त्यांनी दाराला पाठ लावून खुर्ची टाकलीय. पाटीवर: आत १. वही बरोबर आणलीय, संगणकाला द्यायच्या आज्ञा क्रमानं लिहिलेल्या आहेत त्यात. डिस्क सापडली.

१२.३५ — प्रत चढतेय. वीस टक्के. हात गारठलेत.

१२.४१ — फाटकावरून फोन आला म्हणून शामलाताई उठल्या. नरखेडचं कोणी आलंय म्हणे, त्यांना विचारतंय. मी ओरडले, जाऊ नका. ‘हे आलीच’ म्हणाल्या. दाराला खुर्ची लावून गेल्या.

१२.४४ — खुर्ची सरकली. मी पाहिली सरकताना. दार लागलं.

१२.४५ — कार्ड लावलं. ओळख पटली नाही.

१२.४५ — नाही.

१२.४६ — नाही. भिंतीवरचा फोन उचलला, तोही नाव विचारतो. माझं सांगितलं. नाही म्हणतो.

१२.५२ — चाळीस टक्के. चाळीसवरच आहे. शामलाताई का येत नाहीत

१२.५८ — मी दारापासून चार पावलं लांब, रॅकला टेकून. कार्ड माझ्या मुठीत. आणि यंत्र वाजलं. टीं. दाराशी कोणी नाही. लाल दिवा. टीं. लाल. तो घाई करत नाहीये. दोन वर्षांची सवय —

१.०३ — मी मोठ्यानं त्याची माफी मागितली. तुला परत पाठवणार होते म्हणून. प्रत थांबवली. थांबवली रे मी. ऐक.

१.०४ — टीं.

हिरवा.

दार उघडलं, बाहेरची गरम हवा आत आली, मी धावले, दोन पावलं — दोनच पावलं राहिली होती — लागलं.

पाटीवर: चिन्मयी साठे, बाहेर. आत ०

मी आत आहे. मी आत आहे

दाराच्या तळहाताएवढ्या काचेतून शामलाताई दिसतात. परत आल्या. मी लाथा मारतेय, काचेवर वही आपटतेय. त्या इकडे बघत नाहीत. शेजारी बघून बोलताहेत, काचेत मावत नाही कोण ते. हसताहेत. ओठांवरून कळतं, ‘पोरी’ म्हणताहेत. त्यांच्या हातात माझी पर्स, ती त्या पुढे करताहेत, आणि कोणीतरी ती घेत —

दिवे गेले. पंखा थांबतोय. चाचपडत लिहितेय. दार कुठे — सापडलं. कार्ड लावते. लाल. परत लाव